पाऊण टक्का

उद्यमबागेत दिवसभर मी क्रँकशाफ्ट मोजतो.
दोन शतांश जास्त भरला
की लाल ठिपका, आणि लाल ट्रे.
कुणाला विचारावं लागत नाही,
हात आपोआप जातो.

घरी, शहापुरात, जिन्याखाली
सायकल उलटी करून ठेवलीय
आणि तीन रविवार झाले
मी तिच्या चेनला गेज लावून बघतोय.
अर्ध्या टक्क्याचं टोक सरळ आत जातं.
पाऊण टक्क्याचं
कधी जातं, कधी अडतं.
चेन जरा ओढून धरली तर जातं.
श्वास रोखून, हलकं ठेवलं, तर अडतं.
मी श्वास रोखून ठेवतो.

बायको विचारते, तुटली का?
नाही.
मग?

चेन ताणली म्हणतात सगळे.
पोलाद असं ताणत नाही.
जांबोटीच्या वाटेवरची तांबडी माती
तेलात कालवली की लॅपिंग पेस्ट होते,
एकशे सोळा पिना
केस-केसभर झिजतात,
बेरीज तेवढी बाहेर दिसते.

गोवावेसच्या कोपऱ्यावर शट्टुप्पा हलगेकर
दात कन्नडमध्ये मोजतो, ओंदू, एरडू, मूरू,
किंमत मराठीत सांगतो
आणि शिवी राखून ठेवतो कोकणीत.
म्हणाला, "दात खाऊलालीय ही तुझी.
आत्ता चेन घाल, साडेबाराशे.
न्हाईतर हाकत ऱ्हा दसऱ्यापतोर,
मग चेन, कॅसेट, पुढची थाळी,
सगळंच एकदम, सहा हजार.
दोन्ही बरोबर हाय.
मधलं तेवढं करू नको."

मी मधलं केलं.
दीड महिना काढला
आणि मग घेतली नवी चेन.

येळ्ळूरच्या गडाला शेवटचं वळण लागतं
तिथे उठून उभा राहिलो पॅडलवर,
खटाक्.
गुडघा हँडलला. परत खटाक्.
शेळ्या घेऊन उतरणारी पोरगी बाजूला झाली,
हसली नाही, तेच जास्त लागलं.

खाली बसून दात बघितले.
तिसरी, चौथी, पाचवी चकती,
दात एका अंगाने कललेले,
वाऱ्यानंतरच्या उसासारखे.
सगळ्यात मोठी मात्र कोरी,
धार शाबूत, कोपऱ्यात कारखान्याचा काळा रंगसुद्धा.
अकरा वर्षांत एवढा चढ
मी कधी घेतलाच नव्हता.

घरी येऊन जुनी चेन
रॉकेलच्या डब्यातून काढली, पुसली, चढवली.
पॅडल फिरवलं.
आवाज नाही.
दोघंही मापातून गेलेत
पण एकाच बाजूला, एकाच चालीने.
दोन रिजेक्ट एकमेकांत बसवले
की जोड पास होतो,
हे कुठल्याच ड्रॉइंगवर लिहिलेलं नाही.
साहेबांना सांगून बघावं वाटलं.
सांगितलं नाही.

सोमवारी एक शाफ्ट आला, दोन शतांश वर.
हात थांबला.
मग ठिपका दिला, ट्रेमध्ये टाकला,
आणि मार्कर खिशात राहिला तो राहिलाच.

आता एका कडीवर लाल ठिपका आहे.
बेकिनकेरेच्या रस्त्याला, काजूच्या झाडांखालून,
तो वर येतो, पुढच्या थाळीत शिरतो,
खालून मागे जातो, दिसत नाही,
परत येतो.
मी मोजायचं सोडून दिलंय.
म्हणजे सुळग्यापर्यंत तरी.

नवी चेन खिळ्यावर आहे, पिशवीत, तेलासकट.
काल शट्टुप्पाचा फोन,
"कॅसेटची ऑर्डर घालू काय रे?
हुबळीहून यायला आठ दिवस लागतील."
घाल म्हटलं.
आणि जरा थांबून,
घाई नाही म्हणावं त्यांना.